एक भिक्षा, देवाच्या प्रीतीखातर

दाराशी येऊन हात पसरणाऱ्याचे आपण काय देणे लागतो, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या पुस्तकांत फारशी जागा व्यापत नाही. सेमिनरीत आम्ही शिकत होतो तेव्हा संत थॉमस अक्वायनस यांचे दानधर्मावरील विवेचन आणि त्यावरची प्राध्यापकांची टिपणे एवढ्यावर तो आटोपला होता. दान हे प्रीतीचे कृत्य आहे, दया ही त्याची वाट आहे आणि आपल्या गरजेहून अधिक जे आपल्यापाशी उरते त्यावर निसर्गनियमानेच गरिबाचा हक्क आहे, इतके आम्ही परीक्षेत लिहिले आणि गुणही मिळवले. पुढे धर्मग्रामाचे काम अंगावर आल्यावर हा प्रश्न पुस्तकातून उठून रोज सकाळी फाटकाशी येऊन उभा राहू लागला. तिथे गुण देणारे कोणी नसते.

या जुन्याच प्रश्नाला एक नवी बाजू आहे, हे आमच्या ध्यानात आणून दिले ते गिटारवर वाजवायच्या जेमतेम चार मिनिटांच्या एका रचनेने. रचना आहे आगुस्तिन बार्रिओस या पॅराग्वेच्या वादकाची, १९४४ सालची. तिचे स्पॅनिश नाव आहे ‘उना लिमोस्ना पोर एल आमोर दे दिओस’, म्हणजे एक भिक्षा, देवाच्या प्रीतीखातर. जठारपेठेत राहणारा आमच्या गायनवृंदातील एक तरुण गेले काही महिने ती बसवतो आहे. त्याच्या घरी गेलो असता ती प्रथम आमच्या कानी पडली. पुढे इतर वादकांची ध्वनिमुद्रणेही ऐकली आणि हा विषय मनातून जाईना.

आपल्या वाचकांना गिटार परकी नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना मराठीत आली, नव्या चाली आल्या आणि हार्मोनियम व तबल्याच्या शेजारी गिटारही आली. वऱ्हाडात आमच्या लहानपणी ‘हे सिनेमाचे वाद्य देवळात कशाला’ असे म्हणणारी वडीलधारी मंडळी होती; आज त्यांचीच नातवंडे मिस्साच्या वेळी ती वाजवतात. परंतु आपल्याकडे गिटार ही बहुधा साथीलाच असते. चार-पाच कॉर्ड आले की गाणे निभावते. एकटी गिटार गाणारा, साथ करणारा आणि खर्ज धरणारा अशा तिघांचे काम एकाच वेळी करू शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

बार्रिओसच्या रचनेत नेमके हेच घडते. गिटारची तार छेडली की स्वर उमटतो आणि लगेच विरू लागतो. व्हायोलिनचा स्वर गजाने हवा तितका लांबवता येतो, बासरीचा फुंकरीने. गिटारला ती सोय नाही. यावर वादकांनी ट्रेमोलो नावाची युक्ती काढली. अंगठा खालचा स्वर छेडतो आणि लगोलग अनामिका, मध्यमा व तर्जनी अशा क्रमाने तीन बोटे वरच्या एकाच तारेवर झरझर पडतात. पुन्हा अंगठा, पुन्हा ती तीन बोटे. वेग साधला की ऐकणाऱ्याला वाटते, वरचा स्वर अखंड वाहतो आहे. वास्तविक तो क्षणोक्षणी मरत असतो आणि क्षणोक्षणी नव्याने जन्म घेत असतो. सतारीचा झाला ज्यांनी ऐकला आहे, त्यांना याची थोडी कल्पना येईल. मात्र झाल्यातील उसळी इथे नाही. इथे सूर पाझरतो.

आणि या पाझरणाऱ्या सुराखाली एक ठोका आहे. दारावर बोटांची पेरे आपटावीत तसा. रचनेच्या आरंभीच तो येतो आणि पुढे साथीच्या स्वरांत मिसळून चालू राहतो. वरची धून कितीही मोहक वळणे घेवो, खाली कोणीतरी दार वाजवत आहे.

त्यामागची हकीकत गिटारवादकांत सर्वत्र सांगितली जाते. बार्रिओस तेव्हा मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या छोट्या देशाच्या राजधानीत, सान साल्वादोर शहरात राहत होता आणि विद्यार्थ्यांना शिकवत होता. एके दिवशी एका वृद्ध भिकारणीने दार ठोठावले आणि देवाच्या प्रीतीखातर काही घालण्याची विनवणी केली. त्या ठोठावण्यातून ही रचना जन्माला आली. तिच्यानंतर त्याच्या हातून काही झाले नाही. ७ ऑगस्ट १९४४ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी तो वारला. म्हणूनच या रचनेला दुसरेही नाव आहे, ‘शेवटचा ट्रेमोलो’.

या दोन नावांपाशी आम्ही अडखळलो. ‘शेवटचा ट्रेमोलो’ म्हटले की ती एका थोर कलावंताची अखेरची कृती ठरते. आपले लक्ष त्याच्या आजाराकडे, त्याच्या मृत्यूकडे, त्याच्या बोटांकडे जाते. ‘एक भिक्षा’ म्हटले की ती त्या बाईची होते, कारण ते शब्दच तिचे आहेत. मग ही रचना कोणाची? तिच्या हातावर नाणे पडले असेल वा नसेल. परंतु तिच्या ठोठावण्यातून जे निर्माण झाले त्याची कीर्ती जगभर झाली, त्याची ध्वनिमुद्रणे निघाली, त्यावर वादकांनी टाळ्या मिळवल्या आणि त्या बाईचे नावही कोणी विचारून ठेवले नाही. आमचा प्रश्न असा की, कलावंताने तिला काही दिले, की तिच्याकडून घेतले?

एका सुविद्य स्नेह्यांशी आम्ही हे बोललो. ते म्हणाले, “फादर, ज्याच्यापाशी जे असते ते तो देतो. याच्यापाशी संगीत होते.” त्यांच्या मनात प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील प्रसंग होता, हे उघड आहे. मंदिराच्या सुंदर नावाच्या दरवाजाशी बसलेला पांगळा पेत्र आणि योहान यांच्याकडे भिक्षा मागतो. पेत्रापाशी सोने-रुपे नसते. जे आहे ते तो देतो. दाखला समर्पक वाटतो खरा. तथापि त्या प्रसंगात पेत्र आधी त्या माणसाकडे निरखून पाहतो, त्याला आपल्याकडे पाहायला सांगतो आणि उजवा हात धरून उठवतो. देणगी ज्याची त्याला पोहोचते. सान साल्वादोरच्या त्या म्हातारीपर्यंत हे चार मिनिटांचे संगीत पोहोचल्याचे कोणी सांगत नाही. ते पोहोचले सभागृहांत, ज्यांच्या दारी कोणी ठोठावले तर नोकर उघडतो अशा लोकांपर्यंत.

हा आरोप एकट्या बार्रिओसवर करून भागणार नाही. आपल्या संस्थांच्या वार्षिक अहवालांत, दिनदर्शिकांत, लेंटच्या निधीच्या पाकिटांवर गरिबांची छायाचित्रे असतात. मोठे डोळे, फाटके कपडे. ती पाहून आपले मन द्रवते आणि पाकीट भरते. निधी योग्य ठिकाणी जातो, याबद्दल आम्हांस शंका नाही. परंतु त्या मुलीला आपले छायाचित्र अमरावतीच्या वा वसईच्या घरातील भिंतीवर वर्षभर टांगलेले असते हे ठाऊक असते काय? गरजवंताची गरज हीदेखील त्याची मालमत्ता आहे, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे. ती उचलून आपण आपले काही सुंदर घडवतो, मग ते संगीत असो, प्रवचन असो की चित्र, तेव्हा आपण त्याचे ऋणी होतो. प्रवचनांत आम्हीही अशा कितीतरी दारांवरच्या गोष्टी वापरल्या आहेत.

बार्रिओसचे आयुष्य पाहिले म्हणजे प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. त्याचा जन्म १८८५ चा, पॅराग्वेच्या दक्षिणेकडील मिसिओनेस प्रदेशातला. नावातच मिशन असलेला हा भाग. सतराव्या-अठराव्या शतकांत येशूसंघीयांनी तिथल्या गुआरानी आदिवासींच्या वसाहती उभारल्या होत्या आणि त्या वसाहतींतून संगीत शिकवले जात असे. १९१० च्या सुमारास तो देशाबाहेर पडला आणि उरलेले आयुष्य बहुतेक फिरस्तीतच गेले. गिटारचे ध्वनिमुद्रण करणाऱ्या जगातील पहिल्या काही वादकांत त्याची गणना होते. १९३० नंतरची काही वर्षे तो ‘नित्सुगा मांगोरे’ या नावाने, डोक्यावर पिसे लावून, आदिवासी नायकाच्या वेषात कार्यक्रम करीत असे. मांगोरे हा गुआरानी लोकांचा एक दंतकथेतील नायक आणि नित्सुगा म्हणजे आगुस्तिन हेच नाव स्पॅनिश लिपीत उलटे वाचलेले. हा वेष म्हणजे पोटासाठी केलेले सोंग की स्वतःच्या मुळांचा अभिमान? आमच्या मते दोन्ही. प्रेक्षकाने दोन पैसे टाकावेत म्हणून वेष घ्यावा लागणे, हे आपल्या वासुदेवालाही चुकलेले नाही.

एल साल्वादोरमध्ये तो स्थिरावला तो राष्ट्राध्यक्ष जनरल माक्सिमिलियानो एर्नांदेस मार्तिनेस यांच्या बोलावण्यावरून. त्यामुळेच राजधानीच्या संगीत महाविद्यालयात त्याला अध्यापकाची जागा मिळाली. हे जनरल कोण? कॉफीचे भाव कोसळून शेतमजुरांची उपासमार झाली आणि जानेवारी १९३२ मध्ये ते उठाव करून उठले, तेव्हा ज्यांच्या सैन्याने काही आठवड्यांत हजारो माणसे मारली, ते हे. मृतांचे अंदाज दहा हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत केले जातात. मारले गेलेले बहुसंख्य आदिवासी होते. उरलेल्यांनी भीतीने आपला पोशाख टाकला, मुलांशी आपल्या भाषेत बोलणे टाकले. भाव कोसळला की शेतकऱ्याच्या घरी काय होते, हे कापसाच्या या मुलखात आम्ही कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

तर अशा देशात, अशा सत्ताधीशाच्या कृपेने मिळालेल्या छपराखाली, एकेकाळी आदिवासी नायकाचा वेष घालणारा आजारी कलावंत बसला आहे आणि दारावर एक भुकेली म्हातारी ठोठावते आहे. जनरलना मे १९४४ मध्ये देशव्यापी संपामुळे पायउतार व्हावे लागले. तीन महिन्यांनी बार्रिओस गेला. या गोष्टींचा रचनेशी संबंध जोडणे ओढूनताणून होईल, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. ज्याचे अन्न आपण खातो त्याने दुसऱ्या कोणाचे अन्न हिरावले आहे काय, ही चौकशी दान देण्याच्या आधीची आहे. संत अक्वायनस ती करतात आणि आपण ती सहसा टाळतो. याच सान साल्वादोर शहरात पुढे महागुरुस्वामी ऑस्कर रोमेरो यांनी ती चौकशी मोठ्याने केली. २४ मार्च १९८० रोजी मिस्सा चालू असताना त्यांना गोळी घालण्यात आली. २०१८ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत घोषित केले.

आता आपल्या गावाकडे वळू. जठारपेठेतील बैठी घरे एकेक करून पडत आहेत आणि त्या जागी फ्लॅटच्या इमारती येत आहेत. पूर्वी ओसरी होती, ओसरीच्या पायरीशी येऊन “वाढ वो माय” म्हणता येत असे. आज खाली लोखंडी फाटक, फाटकाशी पहारेकरी, वर जिन्यात कॅमेरा. ठोठावायला दारच राहिलेले नाही. विजेची घंटा आहे, पण ती पाहुण्यांसाठी. यात कोणाचा दुष्टपणा आहे असे आम्ही म्हणत नाही. चोऱ्या होतात, एकट्या राहणाऱ्या वृद्धांना भीती वाटते. लूककृत शुभवर्तमानातील श्रीमंत मनुष्यही दुष्ट होता असे कुठे लिहिलेले नाही. लाजरस त्याच्या दाराशी पडून होता आणि त्याला तो ऐकू आला नाही, इतकेच.

कायदाही या बाबतीत पहारेकऱ्याच्या बाजूचा आहे. मुंबई राज्याच्या काळात, १९५९ साली, भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला आणि पुढे इतर राज्यांनीही तो उचलला. त्यात भिक्षा मागण्यासाठी खासगी जागेत शिरणे हीदेखील भीक मागण्याचीच व्याख्या आहे. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे अशा निमित्ताने पैसे मागितले तरी ती भीकच. म्हणजे ती म्हातारी आपल्या शहरात आली असती तर गुन्हेगार ठरली असती. गिटार घेऊन रस्त्याच्या कडेला बसला असता तर बार्रिओसही ठरला असता! दिल्लीच्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये या कायद्यातील अनेक कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. गरिबी हा गुन्हा मानता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

यावर आमच्या धर्मग्रामातील व्यवहारी मंडळी म्हणतील की, धडधाकट माणसाला भीक घालणे म्हणजे आळसाला खतपाणी घालणे होय. या आक्षेपाला वऱ्हाडातच जन्मलेल्या एका पुरुषाने आपल्या आयुष्याने उत्तर दिले आहे. गाडगे महाराजांचा जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. बालपण गेले ते आपल्या मूर्तिजापूरजवळील दापुऱ्याला, मामाच्या घरी. हातात खराटा, डोक्यावर खापर. गावात शिरले की आधी गाव झाडायचे आणि मग कोणाच्या दारी भाकरीचा तुकडा घ्यायचा. फुकटचे अन्न त्यांना वर्ज्य होते. परंतु या कडक नियमाचे पालन त्यांनी स्वतःपुरते केले, हे आपण विसरतो. भुकेलेल्यापुढे त्यांनी कधी कामाची अट ठेवली नाही. लोकांकडून गोळा केलेल्या पैशांतून धर्मशाळा बांधल्या, सदावर्ते चालवली, स्वतः मात्र उघड्यावर राहिले. आपल्यापैकी व्यवहारी लोक नेमके उलटे करतात. श्रमाचा नियम भिकाऱ्याला लावतात आणि स्वतःला सूट देतात.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांना २०१७ साली मिलान येथील बेघरांच्या एका मासिकाने हाच प्रश्न विचारला होता. तो माणूस त्या पैशांची दारू पिणार असेल तर? त्यांच्या उत्तराचा आशय असा होता की, मदत करणे केव्हाही बरोबरच आहे, पण नाणे फेकू नका. त्याच्या डोळ्यांत पाहा, त्याच्या हाताला हात लागू द्या. पेत्राने पांगळ्याकडे निरखून पाहिले होते, ते इथे आठवते.

परंतु त्या म्हातारीच्या शब्दांचा विचार अजून झालाच नाही. ती ‘मला भूक लागली आहे म्हणून द्या’ असे म्हणाली नाही. ‘देवाच्या प्रीतीखातर’ म्हणाली. स्पॅनिश भाषेत ही भिकाऱ्यांची ठरीव बोली आहे, जशी आपल्याकडे ‘देवाच्या नावानं’ ही आहे. ठरीव असली म्हणून पोकळ ठरत नाही. प्रभूची प्रार्थनाही आपण ठरीव शब्दांतच म्हणतो. त्या शब्दांनी मागणारी आणि देणारा यांच्यामध्ये ती देवाला आणून उभे करते. एकदा तो मध्ये उभा राहिला की देणाऱ्याला उपकारकर्ता म्हणवून घेता येत नाही आणि घेणारीला मिंधे व्हावे लागत नाही. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशीचे जे वर्णन आहे, त्यात नीतिमान लोक चकित होतात. आपण कोणाला जेवू घातले हे त्यांना ठाऊकच नव्हते. भिकारणीला मात्र ते ठाऊक असते. ती दारातच सांगून मोकळी होते.

बार्रिओसने ते ऐकले, असे आम्हांस वाटते, आणि त्याच्या बाजूने एवढे बोलायलाच हवे. त्याने तिच्या दुःखाचे करुण चित्र काढले नाही. तिचा चेहरा, तिच्या चिंध्या, तिचा खोकला यांपैकी काहीही रचनेत नाही. आहे ते फक्त ठोठावणे. दुसरे असे की, हे ठोठावणे त्याने वादकाच्या अंगठ्यात ठेवले. ट्रेमोलो वाजवणाऱ्या शिकाऊ वादकाचे सगळे चित्त वरच्या तीन बोटांकडे असते, कारण चमक तिथे आहे. अंगठा मग आपोआप पडतो, निर्जीव होतो आणि ठोका हरवतो. आमच्या तरुणाचे सुरुवातीला हेच होत होते. धून सुरेख, पण दाराशी कोणी नाही. त्याच्या शिक्षकांनी त्याला कित्येक दिवस वरची तार सोडून नुसता अंगठाच वाजवायला लावला. ज्याला ही रचना नीट वाजवायची आहे, त्याला त्या म्हातारीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. कलावंत तिला यापेक्षा अधिक काय देऊ शकला असता, हे आम्ही ठरवू शकत नाही. तिचे देणे फिटले मात्र नाही. अंगठ्याला पडणारा तो ठोका म्हणजे न फिटलेल्या देण्याची खूणच आहे.

अखेरीस एक गोष्ट घडते, जिच्यावर त्या तरुणाचा आणि आमचा मतभेद आहे. सारी रचना मायनर स्वरांत, म्हणजे कोमल गांधाराच्या छायेत चालते आणि शेवटाकडे ती मेजर होते; कोमल गांधाराच्या जागी शुद्ध गांधार येतो. अर्ध्या स्वराचा फरक, पण खोलीत दिवा लागावा तसे होते. तरुण म्हणतो, दार उघडले गेले, भिक्षा मिळाली. आम्हांस तसे ऐकू येत नाही. आम्हांस वाटते, म्हातारी पुढच्या दाराकडे गेली आणि जाताना आशीर्वाद देऊन गेली, जसा आपल्याकडे रिकाम्या हाताने परतणारे भिकारीही देतात. तो पुन्हा वाजवून दाखवतो. आम्ही पुन्हा ऐकतो.

येत्या लेंटमध्ये धर्मग्रामाच्या सभागृहात गरिबांच्या मदतीसाठी एक संध्याकाळ योजावी आणि तीत ही रचना व्हावी, असे ठरले आहे. नियोजनाच्या बैठकीत कोणीतरी सुचवले की, त्या दिवशी पाहुणे येणार, तेव्हा फाटकाशी बसणाऱ्यांना पहारेकऱ्याकरवी थोडे दूर बसवावे. सूचना करणारे गृहस्थ सज्जन आहेत, निधीला दरवर्षी हात सैल सोडणारे. बैठकीत काही वेळ कोणी बोलले नाही. मग त्या तरुणाने विचारले की, सभागृहाचे मागचे दार उघडे ठेवून वाजवले तर चालेल काय. रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज येईल, त्याची आपल्याला हरकत नाही. त्यावर चर्चा चालू आहे.